शिक्षक राहणार कुठे?

पगार वाढवला की ग्रामीण शाळांना चांगले शिक्षक मिळतील, हे एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅकडॉवेल काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) लोकसंख्या कोळसा खाणींच्या भरभराटीत, १९५० साली, लाखाच्या घरात होती. २०२० मध्ये ती २० हजारांच्याही खाली आली आणि त्यात शाळांची परवड झाली. २००१ ते २०१३ या काळात शाळांचा कारभार थेट राज्याने पाहिला. तरीही नव्या शिक्षकांना भाड्याने बरे घर मिळणे कठीणच राहिले (आपल्याकडे शिक्षकांवर असलेल्या मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याच्या सक्तीची इथे आठवण होते). अखेर शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने याच काउंटीतील वेल्च येथे शिक्षकांसाठी सदनिकांची इमारत उभारावी लागली, आणि राज्याने कारभार हाती घेण्यापेक्षा हा उपाय मला अधिक समंजस वाटतो.