गुरांचा डॉक्टर, कुत्र्याचा डॉक्टर आणि घोड्याचा कोणीच नाही

‘येथे सर्व प्राण्यांवर उपचार केले जातील’ अशी पाटी प्रत्येक पशुवैद्याच्या दारावर असते आणि ती खोटी नसते. साडेपाच वर्षांच्या पदवीत कोंबडीपासून घोड्यापर्यंत सगळं शिकवलेलं असतं. मात्र पुढे डॉक्टर ज्या गावात बसतो तिथली जनावरंच त्याचा हात घडवतात. दहा वर्षं पामेरियनची नखं कापलेल्या माणसाला अडलेल्या म्हशीमागे उभं केलं, तर डॉक्टर आणि म्हैस दोघंही मालकाच्या तोंडाकडे बघतात. म्हणून तालुक्यात चांगला डॉक्टर कोण, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, “कुणासाठी?”

कुत्र्या-मांजरांचा दवाखाना निवडणं त्यातल्या त्यात सोपं. तिथे एसी असतो, वजनकाटा असतो, फाइलवर ‘ब्रुनो शिंदे, वय २’ असं लिहिलेलं असतं आणि शिंदेबाईंना ‘ब्रुनोची मम्मी’ म्हणून हाक मारतात. या थाटावर जाऊ नये. फ्रिज बघावा. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, म्हणून “लाइट गेली की लसींचं काय करता?” हा एकच प्रश्न विचारावा. इन्व्हर्टरचं नाव निघालं तर बसावं, “आमच्याकडे लाइट जात नाही” असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठावं. लशीच्या बाटलीवरचं लेबल पुस्तिकेत चिकटवून देतात की नाही, हेही बघावं. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, सोळा आठवडे होईपर्यंत, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. हे एवढे डोस डॉक्टरच्या धंद्यासाठी नसतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लशीला मारून टाकते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लू सांगत नाही.

मांजरवाल्यांना एकच विनंती. दवाखान्यात येण्याआधी घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि मांजर टोपलीतून आणा, कडेवर नाही. समोर लॅब्रॅडॉर बसलेला असतो.

खरी कसरत गोठ्यात. सरकारी दवाखाने दोन प्रकारचे: श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी-२ मध्ये पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक. गाव दोघांनाही डॉक्टरच म्हणतं, आणि तिसरा एक मोटरसायकलवाला, ज्याची पिशवी डॉक्टरची पण नोंदणी कुठलीच नाही, त्यालाही डॉक्टर म्हणतं. तो रात्री अकरालाही येतो, हाच त्याचा मोठा गुण. गायीला ताप आला की तो अजूनही डायक्लोफेनॅकची बाटली काढतो. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅमने काम भागतं आणि गिधाडंही वाचतात. ज्याच्या पिशवीत मेलॉक्सिकॅम आहे त्याला गोठ्यात घ्यावं, एवढी साधी चाचणी.

साहेबांना फोन करणं ही वेगळी कला आहे.

“डॉक्टर, गाय बसलीय.”

“कधी व्यालीय?”

“अहो, उठतच नाही!”

“ते कळलं. व्याली कधी?”

“काल पहाटं. पण बसलीय ना!”

अर्धं निदान इथेच झालं. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत बसली, कान गार पडले आणि मान वळून कुशीला लागली, तर तो बहुतेक वेळा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गारच लागतं. रक्तातलं कॅल्शियम दुधात गेलेलं असतं. उपचार म्हणजे ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली, अंगाइतकी कोमट करून, शिरेतून, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. डॉक्टर ओळखायची जागा हीच. चांगला डॉक्टर एका हाताने बाटली धरतो, दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि ठोके बिघडले की धार कमी करतो. वाईट डॉक्टर बाटली उंच टांगून चहाला जातो. कॅल्शियम भसाभस गेलं तर हृदय थांबतं, आणि मग ‘आयुष्यच तेवढं होतं’ असं ठरतं. डॉक्टर येईपर्यंत मालकाने करायचं ते एवढंच: गायीला एका कुशीवर पडू न देता कडब्याच्या पेंढ्या किंवा पोती लावून छातीवर बसवायचं, नाहीतर पोट फुगतं. तोंडात काहीही ओतायचं नाही. तिला नीट गिळता येत नसतं आणि काढा फुफ्फुसात जातो. गाय उठल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळायची नाही, थोडं दूध आत ठेवायचं. नेमकी ही शेवटची सूचना कुणी पाळत नाही, कारण डेअरीची गाडी सहाला येते.

वासरामागून पडायची वार अडकली की तिला दगड बांधण्याची प्रथा अजून आहे. येताक्षणी बाही सारून ती ओढायला लागणारा डॉक्टर त्या दगडाहून फार पुढे गेलेला नाही. जोर लावला की गर्भाशयाला इजा होते. ताप बघणारा, एखादा दिवस वाट बघू म्हणणारा बरा, जरी शेजारी त्याला “काही केलंच नाही, नुसते पैसे घेतले” म्हणत असले तरी.

कृत्रिम रेतनवाल्याचीही परीक्षा घेता येते. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली वीर्याची नळी ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे तीस सेकंद ठेवायची असते. जो थर्मामीटर आणि गरम पाण्याचा थर्मास काढतो त्याला चहा द्या. जो नळी तळहातावर चोळतो किंवा शर्टाच्या खिशात टाकून गप्पा मारतो, त्याच्यामुळे तुमचे आणखी एकवीस दिवस जाणार. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हे ज्याला आपण सांगावं लागतं तो बदलावा. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन केल्यास फिरतं पथक येतं.

आता घोडा. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांचे मुरलेले डॉक्टर आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बाकी महाराष्ट्रात वरातीच्या घोडीला गायीचाच डॉक्टर. बिचारा येतो, पण त्याचा हात गायीवर बसलेला. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला किलोमागे जेवढं लागतं, त्याच्या दहाव्या हिश्शात गाय आडवी होते. गायीच्या हिशेबाने घोडीला टोचलं तर ती शांतपणे ऐकून घेते आणि लाथ मारते. घोड्याच्या हिशेबाने गायीला टोचलं तर ती बराच वेळ उठत नाही.

घोड्याचा पोटशूळ म्हणजे सगळ्यात घाईचं काम, कारण घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं तर माल वर येत नाही, जठर फुटतं. म्हणून नाकातून जठरात नळी घालून दाब मोकळा करणं हा उपचाराचा कणा. फोनवर डॉक्टरला बाकी काही विचारू नका, “साहेब, घोड्याची नळी आहे का?” एवढंच विचारा. फोनवर शांतता पसरली तर पुढचा नंबर लावा. तोवर नाडी मोजा. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवलं की लागते. निरोगी घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर गेली तर गाडी ठरवायला घ्या. दाणा-वैरण बंद करा, लोळत असेल तर हळू चालवा, पण दमवू नका.

मालक मात्र वेगळ्या घाईत असतो. “डॉक्टर, सातची वरात आहे, तेवढं उभं करून द्या.” त्याआधी तबेल्यातल्या चौघांनी चार उपाय केलेले असतात: गोडेतेल, ताक, हिंग, आणि ज्याचं लग्न आहे त्याच्या मित्राने आणलेली बिअर. हे सगळं मान वर ओढून पाजलेलं असतं, त्यामुळे पोटाबरोबर आता छातीचीही काळजी. वेदनाशामक इंजेक्शनने घोडी तासाभरात टवटवीत दिसते, आणि डोकं असलेला डॉक्टर ठामपणे वरात रद्द करायला सांगतो. वेदना झाकली गेली म्हणजे आतडं सुटलं असं नाही.

घोडा आणि गाय एका दावणीला असतील तर खुराकही वेगळा ठेवा. कोंबड्यांच्या खाद्यात आणि गुरांच्या काही खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गायीला ते पचतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. हे न विचारता सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याचा नंबर दोन फोनमध्ये साठवावा.

राहिली शेळी. तिला स्वतःचा डॉक्टर कुठेच नाही. ती मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून गायीच्या दवाखान्यात येते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस मागून घ्यावी, कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की तो आजार उसळतो. आणि केसपेपर तिच्या तोंडापासून लांब धरावा, नाहीतर रांगेत परत उभं राहून दुसरा काढावा लागतो.