अनुदान हातात येत नाही, हे आधी सांगा

तुमच्या लेखात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्प खर्चाच्या ‘३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळतात’ एवढंच अनुदानाबद्दल लिहिलंय. आमच्या तासगाव भागात बेदाणा किंवा हळद पावडरचं युनिट काढायला निघालेली पोरं हेच वाक्य धरून बसतात, म्हणून लिहावंसं वाटलं. ही रक्कम रोख मिळत नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, खर्चाच्या किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट भरले तरच कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, ही मात्र चांगली सोय. पण सुरुवातीचे हप्ते आणि हंगामात माल भरायला लागणारं खेळतं भांडवल यांची तजवीज आधीच करायला हवी. युनिटं बंद पडतात ती बहुतेक इथंच.

प्रकल्प अहवालासाठी एजंटला पैसे देऊ नका, ही कळकळीची विनंती. कृषी विभागाने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्ती हे काम करून देतात, त्यांचं मानधन योजनेतूनच मिळतं.

माझ्या भावजयीला एका बँकेच्या शाखेत सहा लाखांच्या कर्जासाठी तारण म्हणून जमिनीचा उतारा मागितला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या एवढ्या कर्जाला तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नकार दिलाच, तर कारण लेखी मागा.

अन्नप्रक्रियेत नसलेल्यांनी राज्य सरकारच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या कर्ज-अनुदानाच्या योजनेसाठी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जावं.