तोंडावर काय भांडता, मागून पाहा

बीएमडब्ल्यूच्या एम४ गाडीची पुढची जाळी मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कोणी मला कंपनीचा माणूस ठरवणार नाही. २०२०च्या सप्टेंबरात ही गाडी जगापुढे आली आणि गाडीवेड्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये त्या दोन उभ्या नाकपुड्यांवरून जे सुरू झालं, ते अजून थांबायचं नाव घेत नाही. कोणी उंदराचे दात म्हणतं, कोणी आणखी काही. हसायला मीही हसलो. पण माझं म्हणणं असं की कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, तोंडावरून पारखायचीच नसते. मागच्या चाकावरून पारखा. आणि तिथे एम४ भल्याभल्यांना भारी आहे.

धंद्याने मी डेंटिंग-पेंटिंगवाला. तालुक्याच्या गावी शेड, घरी कपाशी अन् तूर. माझ्याकडे येतात त्या बोलेरो, अल्टो, स्विफ्ट आणि हंगामात ट्रॅक्टरची मडगार्डं. एम४ माझ्या शेडमध्ये कामाला यायचा प्रश्नच नाही. पण समृद्धी महामार्ग आमच्या धामणगाव-कारंजाच्या पट्ट्यातून गेला, ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि ज्या गाड्या आम्ही फक्त मोबाईलवर पाहत होतो त्यातली एखादी आता वाट वाकडी करून आमच्या कॅन्टीनवर चहाला थांबते.

एम४ मी अशीच पाहिली. रंग साओ पावलो यलो, कंपनीने ती पहिल्यांदा दाखवली तोच पिवळा. पोट्ट्यांची पुढून सेल्फी काढायची झुंबड. एक जण गाडीवाल्याला म्हणालाच, "भाऊ, इचं तोंड असं काऊन केलं गा?" गाडीवाला बिचारा हसला. हा प्रश्न त्याला रोजचाच असणार.

मी मागे जाऊन उकिडवा बसलो. ऊन कलतं होतं. दाराच्या हँडलजवळून निघालेली उजेडाची रेघ मागच्या चाकावर येते, तिथे फुगते, आणि टेल-लॅम्पच्या अलीकडे विरून जाते. कुठे लहर नाही, कुठे गाठ नाही. आमच्या धंद्यात पुट्टी घासून झाली की पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडून पाहतात. रेघ थरथरली की परत घास. तो पत्रा पाहून मला वाटलं, ज्याने हा मातीच्या मॉडेलवर हाताने घोटून काढला असेल त्याचे हात धरावेत. हो, अजूनही मोठ्या कंपन्या पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल करतात. कॉम्प्युटरवर सगळं झालं तरी शेवटची नजर मातीवरच फिरते.

आता ही रेघ कूपेतच का जमते ते सांगतो, कारण हा मुद्दा कोणी बोलतच नाही. चार दारांच्या गाडीत मागच्या दाराची फट खाली येता येता चाकाच्या कमानीला खेटते. त्यामुळे फुगवटा द्यायचा तर तो अर्धा दारावर, अर्धा बॉडीवर. दार जरा उतरलं की दोन्हींचा मेळ गेला. बिजागरं ढिली झालेल्या गाड्यांवर हे काम करून माझी कंबर गेली आहे. कूपेला मागचं दार नाही. दारापासून टेल-लॅम्पपर्यंत एकच सलग पत्रा. डिझायनरला इथे पहिल्यांदा मोकळं रान मिळतं, आणि त्याची लायकी इथेच कळते. एम४वाल्याने ते रान वापरलं. मागची चाकं बाहेर, पत्रा त्यांच्यावर ताणलेला, आणि वरचं काचेचं घर मात्र आत ओढलेलं, त्यामुळे खांदा तयार होतो.

आमच्या मोठेबाबांची बैल पाहायची रीत अशीच होती. बाजारात जोडी आली की लोक तोंडापुढे जमायचे, शिंगं बघायचे, झूल बघायचे. मोठेबाबा आधी मागे जात. पुठ्ठे, मग पाय, मग खूर, मग चार पावलं चालवून बघत. तोंड उघडायचं ते दात मोजायला, वयापुरतं. गवळाऊ बैलाचं तोंड लांब, शिंगं आखूड, शिंगांच्या हौशी माणसाला ते देखणं वाटायचंच नाही. पण तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की शिंगं कोण बघतो? ताकद जिथून निघते तिथे नजर गेली पाहिजे. एम४ मुळात मागच्या चाकांवर ढकलणारी गाडी. आपल्याकडे विकायला आली ती चारही चाकांची, तरी तिचा जोर मागेच जास्त असतो. म्हणून तिचे पुठ्ठे भरलेले आहेत हे नुसतं सजवणं नाही.

पुढच्या चाकाचंही असंच. चाक आणि दार यांच्यामध्ये किती जागा सुटली आहे ते बघा. स्विफ्टमध्ये इंजिन आडवं असतं, चाक दाराला चिकटलेलं. एम४मध्ये सहा सिलिंडर एका ओळीत, तीन लिटर, दोन टर्बो, आणि हे सगळं लांबीत ठेवलेलं, म्हणून चाक पुढे सरकतं, बोनट लांब दिसतं. महागडी गाडी लांबून ओळखू येते ती या जागेमुळे, क्रोमच्या पट्ट्यांमुळे नाही. आपल्याकडे हॅचबॅकवर स्पॉयलर अन् रेडियम चिकटवून स्पोर्ट्स कार करणाऱ्यांना मी हे सांगून थकलो. (गिऱ्हाईक आहेत, चिकटवून देतो.)

आता तोंडाकडे येऊ, कारण टाळलं तर म्हणाल पळाला.

जाळीच्या बाजूने बोलणारे इतिहास काढतात. बीएमडब्ल्यूच्याच १९३३च्या ३०३ गाडीवर पहिल्यांदा ही जोड-जाळी आली, १९३६च्या ३२८वर ती चांगली उंच होती, म्हणजे उभी जाळी हीच खरी परंपरा. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तेव्हा रेडिएटर उभा असायचा, बोनट अरुंद असायचं, गाडीचं नाकच उंच होतं. जाळी त्या नाकाच्या मापाची होती. एम४ १ मीटर ८९ सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर ३९ उंच. अशा पसरट गाडीवर दोन उभ्या खिडक्या बसवल्या की डोळा आडवा जायचा तो उभा जातो, आणि सगळी रुंदी मातीत. परंपरा घ्यायची तर मापासकट घ्या ना राजेहो.

तरी डिझायनरच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. युरोपात पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं बोनटखालच्या इंजिनवर आदळू नये म्हणून नियम कडक झाले. बोनट आणि इंजिन यांच्यामध्ये पोकळी ठेवावी लागते, त्यामुळे गाड्यांची नाकं उंच आणि बोथट झाली. जुन्या गाड्यांसारखं चाकूच्या पात्याइतकं पातळ नाक आता कोणी काढून देऊ शकत नाही. समोर एवढी मोठी भिंत उभी राहिली की तिचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच आहे. शिवाय ५१० अश्वशक्तीच्या इंजिनला हवा लागतेच.

पण हाच प्रश्न लेक्ससने (टोयोटाचीच महागडी शाखा) आपल्या एलसी ५०० कूपेमध्ये कसा सोडवला ते बघा. २०१२च्या डेट्रॉइट शोमध्ये एलएफ-एलसी नावाची नुसती कल्पना दाखवली होती, २०१६ला त्याच शोमध्ये विकायची गाडी आणली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर भाऊ-भाऊ शोभतील. बोनट खाली राहावं म्हणून त्यांनी पुढच्या सस्पेन्शनची मांडणीच नव्याने केली. जाळी तिचीही राक्षसी आहे. पण तिचे कोपरे दिव्यांकडे ओढले जातात, दिवे मडगार्डात मिसळतात, त्यामुळे तोंड शरीरातून उगवल्यासारखं दिसतं. एम४चं तोंड बाकीच्या गाडीशी बोलतच नाही. माझी खरी तक्रार ही, जाळी मोठी असल्याबद्दल नाही.

आणि नंबरप्लेट! यावर तर कोणी बोलतच नाही. डिझायनरच्या चित्रात नंबरप्लेट कधीच नसते. आपल्याकडे पुढे ५०० बाय १२० मिलिमीटरची हाय सिक्युरिटी प्लेट लावावीच लागते. एम४मध्ये ती दोन्ही नाकपुड्यांना आडवी जाते, बरोब्बर मधोमध. म्हणजे ज्या जाळीसाठी जगभर भांडणं झाली तिचा मोठा तुकडा नंबरप्लेटखालीच गेला. मला विचाराल तर प्लेट लागल्यावर तोंड जरा बरंच दिसतं, कारण एक आडवी रेघ मिळते.

रंगाचंही असंच. पिवळ्या गाडीवर काळी जाळी ओरडते. काळ्यावर किंवा गडद निळ्यावर तीच जाळी अर्धी विरघळून जाते. मी पेंटर आहे म्हणून सांगतो, कंपनीने पहिला फोटो काळ्या गाडीचा टाकला असता तर निम्मी शिवीगाळ वाचली असती.

"सवय झाली की आवडेल" हे मला अजिबात पटत नाही. उदाहरण नेहमी बीएमडब्ल्यूचा तेव्हाचा डिझाइन प्रमुख क्रिस बँगल याचं देतात. २००१ची ७ सीरिज आली तेव्हा डिकीवरून एवढा गदारोळ की त्याला काढा म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीम निघाली. पुढे ती गाडी चांगली खपली, दुसऱ्यांनीही तशा डिक्या केल्या. गंमत म्हणजे त्या गाडीचं बाहेरचं रूप एड्रियन व्हॅन हूयडॉंकचं होतं, आणि एम४ आली तेव्हा अख्ख्या बीएमडब्ल्यू ग्रुपचा डिझाइन प्रमुख तोच. पण खपली म्हणून डिकी सुंदर झाली का? मला ती आजही दुसऱ्या गाडीची उचलून ठेवल्यासारखी दिसते. रोज पाहून राग शांत होतो, तेवढंच. २०२०मध्येच कंपनीने आयएक्स या विजेवरच्या गाडीच्या प्रचारात टीकाकारांना "ओके बूमर" (म्हणजे बरं बरं, म्हाताऱ्यांनो) म्हणून चिडवलं आणि मग माफी मागायची वेळ आली. काम चांगलं असेल तर गिऱ्हाईकाला चिडवावं लागत नाही.

दुसऱ्या टोकाला आपले ई४६ एम३, म्हणजे बीएमडब्ल्यूच्याच जुन्या एम३ कूपेचे भक्त. २०००ची गाडी, साडेचार मीटरच्या आत लांबी, बोनटवर एक फुगवटा, कमानी जराशा उचललेल्या, बस्स. तिच्यात खोट काढणं अवघड आहे, कबूल. एम४ तिच्यापेक्षा ३० सेंटीमीटर लांब आहे आणि ती लांबी दिसते. पण "त्यानंतर काही चांगलं झालंच नाही" असं म्हणणाऱ्यांनी एकदा एम४ उन्हात, बाजूने, जमिनीजवळ बसून पाहावी. माझ्या मते मागच्या खांद्याचं काम एम४चं जास्त धाडसी आहे. ई४६चा फुगवटा सभ्य आहे, हिचा नाही.

राहिला तो नेहमीचा टोमणा : "तू घेणार आहेस का?" २०२२ला ती आपल्याकडे १ कोटी ४४ लाखांना आली, एक्स-शोरूम. आमच्या गावात तेवढ्यात किती एकर येईल ते मी सांगत नाही, उगीच सातबारे निघतील. घेणार नाही. पण मत द्यायला आरसी बुक लागत नाही. ज्यांनी घेतली त्यातले कितीतरी जण रंगाचं नाव आणि ईएमआय यापलीकडे काही सांगू शकत नाहीत, आणि माझ्या शेडमधला बारावी नापास पोरगा पत्र्यावर नुसता तळवा फिरवून सांगतो की इथे आधी काम झालेलं आहे.

तर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण पुढून काढलेला फोटो टाकून "पाहा किती घाण" एवढंच लिहू नका, ते पाहून पाहून डोळे दुखले. नागपूर-अमरावतीकडे कोणाकडे एलसी ५०० किंवा जुनी ई४६ असेल आणि समृद्धीवरून येणं-जाणं असेल तर इनबॉक्स करा. चहा माझ्याकडून. बाजूने फोटो काढू द्या, संध्याकाळी पाचनंतर या, तेव्हाचं ऊन बरं असतं.