स. का. पाटलांची ताकद नेमकी कुठली?

महापौर खासदार होऊन दिल्लीत गेला की शहराला काय मिळतं, यावरून कट्ट्यावर वाद पेटला आणि थोड्याच वेळात स. का. पाटलांवर येऊन अडकला.

तात्या त्यांच्या बाजूचे. "सावंतवाडीकडचा मुलगा. स्वातंत्र्यलढ्यातून वर आला, लागोपाठ तीनदा मुंबईचा महापौर झाला. मग ५२, ५७ आणि ६२ला दक्षिण मुंबईतून लोकसभेवर. केंद्रात मंत्री. आणि आज नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात!"

"उगाच नाही करत," वकील उसळला. "२० नोव्हेंबर १९५५ला चौपाटीच्या सभेत तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याबरोबर उभं राहून मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं बजावणारे हेच ना? दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार झाला. मराठी माणसाने हे विसरायचं?"

"विसरू नका. पण ५७ला संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट असताना, शेजारच्या मध्य मुंबईतून समितीचे कम्युनिस्ट नेते डांगे निवडून येत असताना पाटील पडले नाहीत. ते कसं?"

इथे मला राहवलं नाही. ते महापौरकीच्या जोरावर झालं, असं मी मानत नाही. १८८८च्या कायद्याने पालिकेच्या कारभाराच्या किल्ल्या आयुक्ताच्या हातात दिल्या. महापौर सभागृह चालवतो, शहराच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करतो, आणि तेव्हा तर मुदतही वर्षाचीच. पाटलांची खरी ताकद मुंबई प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षपदात होती. तिकीट कोणाला द्यायचं, निवडणुकीचा पैसा कुठून उभा करायचा, हे तिथे ठरायचं. मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणायचे त्यांना, ते यामुळेच.

"मग महापौरकीचा उपयोग शून्य?" मास्तरांनी विचारलं.

शून्य नाही. नजर तिथे घडली, असं मला वाटतं. मे १९६०मध्ये अन्नमंत्री म्हणून पाटलांनी वॉशिंग्टनला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर पीएल-४८०च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालच्या, करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, तोही रुपयांत किंमत चुकवून. शहर सांभाळलेल्या माणसाला आधी रेशनची रांग दिसते. ती हलली पाहिजे, भाव भडकता कामा नयेत, हे त्याला पक्कं कळतं.

"आणि शेतकरी?" मास्तर थांबायला तयार नव्हते. "स्वस्त गहू बाहेरून आला की इथल्या गव्हाला भाव कोण देणार? पुढे अमेरिकेने धान्य हात आखडून सोडायला सुरुवात केली, तेव्हा देशाला किती लाचार व्हावं लागलं!"

मास्तरांचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. पोटं भरली, पण शेतीत करायचं काम मागे पडलं.

ज्येष्ठ मंत्र्यांनी पद सोडून पक्षाच्या कामाला लागायचं, अशा काँग्रेसच्या कामराज योजनेत पाटलांनी १९६३ला मंत्रिपद सोडलं, ६४ला रेल्वेमंत्री म्हणून परत आले. आणि ६७ला पडले. कोणाकडून? जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून. जॉर्ज ६१पासून मुंबई पालिकेत नगरसेवक होते, पालिका कामगारांत आणि टॅक्सीवाल्यांत रात्रंदिवस वावरत होते. म्हणजे ज्या सभागृहात पाटील एकेकाळी महापौर म्हणून बसले, तिथल्याच एका नगरसेवकाने त्यांना हरवलं. पक्षयंत्रणा शाबूत होती, पैसाही होता, पण रस्त्यावरचा माणूस त्यांच्यापासून लांब गेला होता.

"त्यानंतर ६९ला पोटनिवडणूक लढवली ती कुठून? गुजरातच्या बनासकांठातून!" वकिलाने शेवटचा घाव घातला.

तात्या म्हणाले, "पक्षाने जागा दिली, लढले, निवडून आले. त्यात गुन्हा काय?"

गुन्हा नाहीच. पण ज्या शहराने त्यांना महापौर केलं, खासदार केलं, त्याच्याकडे परत जाण्याची वाट त्यांना उरली नव्हती, हे तात्यांनीही मान्य करायला हवं. वकील मात्र चौपाटीच्या त्या सभेसाठी पाटलांना माफ करायला तयार नाही, आणि कर असं मीही त्याला सांगणार नाही.