स्पॅम फिल्टरच्या सेटिंगला हात लावायचा की नाही?

‘आहे तेच सेटिंग ठेवा, काही होत नाही’ हा सल्ला देणारा आपल्या पुण्यात घरटी एक सापडतो. घरच्या ईमेलपुरता तो अगदी बरोबर आहे. निवृत्त काकांना मेल येणार बँकेचे, विम्याचे आणि नातवाच्या फोटोंचे. अनोळखी मेल स्पॅममध्ये गेला तर बरंच झालं म्हणायचं. त्यांनी सेटिंगमध्ये शिरूच नये.

पण भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपवाल्याचा धंदाच अनोळखी मेलवर चालतो. कधी न ऐकलेली कंपनी, विषयात नुसतं ‘एन्क्वायरी’, आत दोन ओळी आणि ड्रॉइंगची झिप फाइल. फिल्टरला यातलं सगळंच संशयास्पद वाटू शकतं. आणि तीच वर्षभराची ऑर्डर असू शकते!

डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावून आलेलं सेटिंग, हा कुणीतरी बांधलेला अंदाज. स्पॅमअसॅसिन या फिल्टर सॉफ्टवेअरचंच घ्या, बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे (आपला मेल ज्यांच्या सर्व्हरवर असतो त्यांच्याकडे) तेच असतं. ते प्रत्येक मेलला गुण देतं आणि बेरीज पाचवर गेली की स्पॅमचा शिक्का. हा पाचचा आकडा बराच कडक आहे, एकट्यादुकट्याला ठीक, पण अनेकांचे मेल सांभाळणाऱ्याने आठ किंवा दहा ठेवावा, असं त्यांच्याच माहितीत लिहिलंय. वाचतो कोण!

अंदाज चुकतो तेव्हा काय होतं, तेही बघा. याच सॉफ्टवेअरमध्ये एक नियम होता: मेलवर फार पुढची तारीख असेल तर गुण वाढवा. ‘फार पुढची’ म्हणजे २०१० किंवा त्यानंतरची, असं नियम लिहिताना धरलेलं. १ जानेवारी २०१० उजाडला आणि साध्यासुध्या मेलच्या खात्यावरही तारखेपायी साधारण तीन गुण जमा व्हायला लागले. स्पॅमच्या शिक्क्याला उरले दोन. दुरुस्ती लगेच आली, पण नियमांचं अपडेट ज्यांनी चालूच केलं नव्हतं, त्यांना ती मिळणार कशी?

तरीही ‘आमचं मस्त चाललंय’ असंच जो तो सांगतो, कारण इनबॉक्समध्ये घुसलेली लॉटरी डोळ्यांना दिसते, अडवलेली एन्क्वायरी दिसत नाही. गिऱ्हाईक काही ‘माझा मेल मिळाला का हो?’ म्हणून फोन करत बसत नाही. ते सरळ चाकणच्या दुसऱ्या माणसाकडे जातं.

जीमेल वापरणाऱ्यांच्या हातात गुणांचा आकडा नसतो. त्यांनी स्पॅम फोल्डर अधूनमधून चाळावा आणि चांगल्या मेलवर ‘स्पॅम नाही’ दाबावं. तीस दिवसांनी तिथलं सगळं आपोआप पुसलं जातं.

स्वतःच्या डोमेनवर मेल असलेल्यांनी होस्टिंगवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. आमचा आकडा किती आहे? आणि त्यावर गेलेला मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पडतो की परस्पर डिलीट होतो? डिलीट होत असेल, तर आकड्याचं नंतर बघा, आधी ते बंद करायला लावा.