दीडशे टक्के

नवा मॉनिटर घेतला तो सत्तावीस इंची, फोर-के. म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. आईला हे कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "आणि पुसायचे कोणी?"

कोथरूडच्या दोन खोल्यांत मॉनिटरला हॉलशिवाय जागा नाही. हॉलमध्ये बसला की तो माझा न राहता सार्वजनिक होतो, आणि सार्वजनिक वस्तूबद्दल प्रत्येकाला मत असतं.

पहिलं मत विंडोजचं. त्यानं अक्षरांचा नि चित्रांचा आकार आपणहून १५० टक्के लावून पुढे कंसात 'रेकमेंडेड' असं लिहून ठेवलं होतं. न विचारता सल्ला द्यायचा हक्क पुण्यात फक्त शेजाऱ्यांना आहे, संगणकाला नाही. शिवाय पैसे फोर-केचे मोजलेत तर जागाही पुरती फोर-केची हवी. केलं शंभर. एक्सेलचं अख्खं वर्ष एका पडद्यावर मावलं! जानेवारी ते डिसेंबर, सगळं समोर. वाचता फक्त येत नव्हतं. विंडोजचे शंभर टक्के म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांचा हिशेब. इथे इंचात १६३ कोंबलेले. साहजिकच 'अ' अर्ध्याहून जेमतेम मोठा.

बाबा चहाचा कप घेऊन आले, वाकले, आणि म्हणाले, "खसखस सांडलीय का रे?"

त्यांना हवे होते दोनशे टक्के. ते लावल्यावर सकाळचा पेपर त्यांना चष्म्याशिवाय दिसायला लागला, पण माझं काय? ३८४० चे झाले १९२०. ऑफिसातल्या जुन्या फुल-एचडी डबड्यावर जेवढे रकाने मावायचे, मोजून तेवढेच. अक्षरं रेखीव, हे मान्य. पण मी रेखीवपणासाठी नव्हतो गेलो, रकान्यांसाठी गेलो होतो.

मग सोसायटीचे खजिनदार काका आले. ते कुठल्याही वादात येतात. "टक्के कसले बदलतोस? रेझोल्यूशनच उतरव!" म्हणून त्यांनी माऊस ताब्यात घेऊन १९२० बाय १०८० केलं. अक्षरं मोठी झाली, पण कडा विरघळल्या. पडद्याचे ठिपके काही कमी होत नाहीत. एकाचं काम चौघे करायला लागतात, आणि चौघे मिळून एक काम करतात तेव्हा काय होतं ते काकांना सोसायटीच्या कमिटीवरून ठाऊक असायला हवं होतं.

त्यांचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर तर कशालाच दाद देईना. त्या काळी हे टक्क्यांचं प्रकरण त्याच्या गावी नव्हतं. म्हणून विंडोज त्याला लहानच काढून मग ताणतं, आणि थकबाकीदारांची नावं पुसट दिसतात. काही थकबाकीदारांची सोय झाली म्हणा.

लॅपटॉप सव्वाशेवर, मॉनिटर परत दीडशेवर, त्यामुळे खिडकी इकडून तिकडे सरकवली की हद्दीवर ती एकदम फुगते. बाबांना हा खेळ फार आवडला. शेवटी १७५ वर तह झाला. त्यांना अक्षर बारीक वाटतं, मला जागा कमी पडते.

एवढं होऊन माऊसचा बाण अडखळत चालायचाच. नवी वायर घ्यावी म्हणून तपकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं लॅपटॉप किती जुना ते विचारलं आणि हातातली वायर परत हुकाला अडकवली. "वायर लावायचं एचडीएमआयचं तोंड जुनं, १.४ असणार. फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं देतं ते. वायर नवी घ्याल हो, लॅपटॉपचं तोंड जुनंच राहणार."

"मग?"

"शेजारी यूएसबी-सी आहे ना? त्याच्याजवळ डिस्प्लेपोर्टची, म्हणजे तिथून पडद्याला चित्र जातं अशी, खूण आहे का बघा. असली तर तिथून साठ मिळतील. आधी बघून या, मग वायर देतो."

घरी येऊन बघितलं. खूण होती, चांगली ठळक. तेवढं एकच यूएसबी-सी, आणि त्यात चार्जर खुपसलेला.