म्हणे अमेरिकेत एकाही प्राध्यापकाची नोकरी गेली नाही!

भाचीने एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतल्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिला ऐकवण्यासाठी फॉरवर्ड येऊ लागलेत. परवाचा अण्णांनी टाकला, खाली ‘मनन करावे’ असा शेरा मारून. मजकूर असा: विचारांपायी तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या नोकऱ्या जातात त्या फक्त कम्युनिस्ट देशांत. अमेरिकेत आजवर एकाचीही गेली नाही, कारण तिथे कोर्ट विद्वानांच्या पाठीशी असतं. तिथे शुद्ध तर्कशास्त्र शिकवतात, राजकारणाला शिरकाव नाही. कुणी घुसवलंच, तर विद्वानच त्याला बाहेर काढतात.

भाचीचा लगेच फोन. ‘‘मामा, आजोबांना काय सांगू?’’ ती अण्णांशी वाद घालायला कचरते. मी कचरत नाही.

कोर्टापासूनच सुरू करतो, कारण ते वाक्य वाचून मला हसू आवरेना. १९४० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात बर्ट्रंड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाची नेमणूक झाली. विषय काय, तर तर्कशास्त्र आणि गणिताचा पाया. याहून सोवळं काय शिकवायचं असतं? पण विवाह आणि लैंगिक नीतीवर त्याने पूर्वी लिहिलेलं होतं. बिशप मॅनिंगने वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं आणि रान पेटलं. जीन के नावाच्या बाई कोर्टात गेल्या: माझ्या मुलीच्या नीतीचं काय? गंमत अशी की रसेल जिथे शिकवणार होता, त्या वर्गांना तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. तरी खटला चालला. बाईंच्या वकिलाने रसेलच्या लिखाणाला कामुक, विषयासक्त, अश्रद्ध, खोटं अशी विशेषणांची माळच घातली. ३० मार्चला न्यायमूर्ती मॅकगीहानने नेमणूक रद्द केली. कारणं तीन: माणूस परदेशी आहे, त्याने स्पर्धा परीक्षा दिलेली नाही, आणि त्याचं चारित्र्य. रसेलने स्पर्धा परीक्षा द्यायची! ही नेमणूक म्हणजे ‘अश्लीलतेचं अध्यासन’ आहे, असे शब्द निकालपत्रात आहेत. अण्णांनी ते निकालपत्रच वाचावं, फॉरवर्डपेक्षा करमणूक जास्त आहे. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, त्या रसेलला खटल्यात पक्षकार म्हणून उभंही राहू दिलं नाही. आणि अपील? महापौर लाग्वार्डियाने अंदाजपत्रकातून त्या जागेचा पगारच काढून टाकला. अटक नाही, लाठी नाही. एक ओळ खोडली, काम झालं.

रसेलच्या बाजूने तेव्हा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई उभे राहिले. कोलंबियातले बाबासाहेबांचे गुरू, तेच. ड्यूई म्हटल्यावर तरी अण्णा ऐकतील.

‘एकाचीही गेली नाही’ याला मोजून उत्तर देतो. हर्बर्ट फिलिप्स, वॉशिंग्टन विद्यापीठ, जानेवारी १९४९. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असल्याचं त्याने कबूल केलं होतं. प्राध्यापकांच्या समितीचं बहुमत त्याला ठेवावं असं होतं, तरी काढला. त्याला पुन्हा कुठल्याच विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. बॅरोज डनम, टेंपल विद्यापीठातला विभागप्रमुख, १९५३. स्टॅन्ली मूर, रीड कॉलेज, १९५४. तिघेही तत्त्वज्ञानाचेच.

आता जे खरं आहे ते मान्य करायला हवं, मनात नसलं तरी. सोव्हिएत सरकारने १९२२ मध्ये बेर्द्यायेव्हसारख्या तत्त्वज्ञांना बोटीत घालून देशाबाहेर पाठवलं. पोलंडमध्ये कोलाकोव्स्की या तत्त्वज्ञाला १९६८ मध्ये वॉर्सा विद्यापीठातून काढलं. प्रागच्या पातोच्का या तत्त्वज्ञाचा १९७७ मध्ये पोलिसी चौकशांनंतर मृत्यू झाला. अमेरिकेत एवढं झालं नाही. आणि कोर्टाने कधीच साथ दिली नाही असंही नाही. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अँजेला डेव्हिसला कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वावरून काढलं, तेव्हा कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. पुढच्या वर्षी मंडळाने तिच्या भाषणांकडे बोट दाखवून करारच वाढवला नाही, ते वेगळं.

शुद्ध तर्कशास्त्राचं म्हणाल, तर त्यात जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या तर्कशास्त्रज्ञ कार्नापच्या वर कोण? १९५० च्या दशकात एफबीआय या सरकारी तपास यंत्रणेने त्याचीही फाइल उघडली. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञांचा तर्कशास्त्राकडे ओढा या धाकामुळेच वाढला असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. हिटलरपासून पळून आलेले लोक ती विद्या आधीच घेऊन आले होते. पण मार्क्सवर लिहिणाऱ्याची गत बघून तरुण प्राध्यापक कुठला विषय निवडेल, हे कळायला पीएच.डी. लागत नाही.

राहिलं शेवटचं, विद्वानच बाहेर काढतात हे. दुर्दैवाने हे निम्मं बरोबर आहे. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद स्वतंत्र विचार करूच शकत नाही, म्हणून तो शिकवायला नालायक, हा युक्तिवाद रचून देणाऱ्यांत सिडनी हूक पुढे होता. तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि ड्यूईंचाच शिष्य. हे अण्णांना सांगायचं की नाही, यावर भाचीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

रसेलचं मात्र तिने ग्रुपवर टाकलं. त्याने पुढच्या पुस्तकाच्या इंग्लंडातल्या आवृत्तीत आपल्या पदांच्या आणि मानसन्मानांच्या यादीत शेवटी छापून टाकलं होतं की, सिटी कॉलेजात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक व्हायला हा अपात्र असल्याचं १९४० मध्ये न्यायालयाने जाहीर केलं आहे. अण्णांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘‘परीक्षा दिली असती तर काय बिघडलं असतं?’’